बह्याडांच्या बाजूने

आमच्या यवतमाळकडे कुणी नसती गोष्ट जीव लावून करत बसला, की त्याला बह्याड म्हणतात. शब्द शिवीच्या जवळ जाणारा असला तरी शिवी नाही. "बह्याड झाला का बे?" या प्रश्नात थोडा राग असतो आणि थोडी काळजीही असते. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत दर वर्षी असा एक तरी बह्याड निघतो. सबमिशन चार दिवसांवर आलेलं असतं, बाकीची बॅच मागच्या वर्षीचं जर्नल समोर धरून रीडिंग उतरवत असते, आणि हा गडी ओव्हनसमोर स्टूल टाकून कापूस वाळायची वाट बघत बसलेला असतो. मला या माणसाची स्तुती करायची आहे. बरीच वर्षं प्रयोगशाळेत उभं राहून शिकवल्यावर माझी खात्री झाली आहे, की सगळ्या बॅचमध्ये शिकण्याचं काम तो एकटाच करत असतो.

ज्या प्रयोगाबद्दल मी बोलतो आहे तो मॅन्युअलमध्ये अर्ध्या पानाचा आहे. रुईचा छोटा नमुना घ्यायचा, त्याचं वजन करायचं, 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वजन करायचं आणि लागोपाठची दोन वजनं सारखी आली की थांबायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. यंत्र एक, बॅचमध्ये वीस पोरं आणि हाताशी दोन तास. उत्तरही सगळ्यांना आधीपासून पाठ: व्यवहारात कापसासाठी धरायचा ओलाव्याचा प्रमाण आकडा 8.5 टक्के. मग पोरं 8.5 पासून उलटं गणित मांडतात, प्रत्येक रीडिंग दोन-चार मिलिग्रॅम इकडेतिकडे करतात, आणि ओव्हनचं बटन न दाबता जर्नल पुरं होतं. अक्षर सुंदर, आलेख सरळ, गुण पूर्ण.

एका वर्षी, पावसाळ्याच्या दिवसांत, एका मुलीने हा प्रयोग खरोखर केला. वाळलेला नमुना चिमट्याने बाहेर काढला आणि तसाच उघडा डिजिटल काट्यावर ठेवला. आकडा थांबेना. 4.612, 4.615, 4.619. तिने काट्याचं काचेचं दार लावलं, तरी आकडा चढतच होता. "सर, काटा बिघडला," ती म्हणाली. मी काहीच बोललो नाही. तिने नमुना उचलला, पारडं पुसलं, खिशातला रुपया काढून ठेवला. आकडा जागचा हलला नाही. रुपया काढला, कापूस ठेवला. आकडा पुन्हा चढू लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काहून टाइम घालवून राह्यली, आठ पॉइंट पाच लिही ना!" तिने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सर, हा पाणी पिऊन राह्यला."

कोरडाठक्क झालेला कापूस हवेतली वाफ ओढून घेतो. म्हणूनच नमुना झाकणाच्या बाटलीत बंद करून वजन करायचा असतो, नाहीतर ओव्हनच्या आतच टांगून. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं आहे. ती ओळ मी वर्षानुवर्षं मोठ्याने वाचून दाखवत आलो आणि ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. ती मुलगी मात्र ती ओळ कधी विसरणार नाही, कारण तिने कापसाला पाणी पिताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती झाकणाची बाटली मागायला आली. तिचं उत्तर 8.5 आलं नाही, बरंच वर गेलं. बाहेर पाऊस होता, खिडक्या उघड्या होत्या आणि नमुना रात्रभर टेबलावर पडलेला होता. तिने आलं ते लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि त्या दिवशीच्या खोलीतल्या आर्द्रतेचा आकडाही लिहिला. त्या वर्षी जमा झालेल्या जर्नलांत खरं पान मला तेवढं एकच सापडलं.

याच प्रयोगात आणखी एक खाच आहे आणि ती उतरवून काढणाऱ्याला कधीच लागत नाही. घटलेल्या वजनाला कोरड्या कापसाच्या वजनाने भागलं तर एक टक्का येतो, आणि सुरुवातीच्या ओल्या वजनाने भागलं तर दुसरा. 8.5 हा पहिल्या हिशेबाचा आकडा. दुसऱ्या हिशेबाने तोच कापूस 7.8 च्या आसपास भरतो. कापूस तोच, पाणी तेवढंच, आकडे दोन. स्वतः वजन केलेल्या पोराला भागाकार करताना थांबून विचार करावाच लागतो, की खाली कुठलं वजन घ्यायचं.

हे एवढं सांगतो आहे, कारण आपला जिल्हा कापसाचा आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे चढणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे किंमत कापली जाते, आणि 12 च्या वर गेला तर कापूस घेतच नाहीत. म्हणजे ओलावा बरोबर 12 टक्के भरला तर शेतकऱ्याच्या दहा क्विंटलमागे सुमारे चाळीस किलोंची किंमत जाते. ओलावा हा आमच्याकडे पाठ्यपुस्तकातला शब्द नाही. बाजार समितीच्या आवारात गाडीवर चढलेला माणूस मीटर कापसात खुपसतो आणि त्या एका आकड्यावर घरातल्या लग्नाची तारीख ठरते. आमच्या बॅचमधली निम्मी पोरं त्याच घरांतून आलेली असतात. त्यांनीच 8.5 उतरवून काढावं, हे मला सहन होत नाही.

या जिल्ह्यात अभियांत्रिकी नवी नाही. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून आहे, यवतमाळचं जवाहरलाल दर्डा महाविद्यालय 1996 पासून, आणि तिथे वस्त्रोद्योगाची शाखाही आहे. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, आणि कोळशातला ओलावा आणि राख काढायलाही ओव्हन, भट्टी आणि काटाच लागतो. जिल्ह्याची सगळी मिळकत वजनाच्या काट्यावरून जाते. इथल्या पोराला काटा वाचता आला नाही तर त्याने वाचायचं तरी काय?

उतरवून काढणाऱ्यांबद्दल बोलायचा अधिकार मला कष्टाने मिळाला आहे. मीही तेच केलं होतं. मी शिकत होतो तेव्हा सुताची मजबुती मोजायचा प्रयोग असे. रिळावर सूत गुंडाळायचं. परीघ दीड यार्ड, 80 फेरे, म्हणजे 120 यार्डांची एक लट. ती दोन हुकांत अडकवून ओढायची आणि किती पाउंडांवर तुटते ते बघायचं. मी यंत्राला हात न लावता रीडिंग लिहिली आणि मला त्याचे चांगले गुण मिळाले. पुढे एका सूतगिरणीत पहिल्याच आठवड्यात लट ओढायची वेळ आली, तेव्हा माझ्या हातून तारा एकमेकींवर चढल्या. आकडा भलताच आला आणि मी तो रजिस्टरमध्ये लिहिलासुद्धा. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगाराने लट काढली, नवीन घेतली आणि हुकांवर बोटांनी तारा एकेक करून सारख्या पसरल्या. मला म्हणाला, "साहेब, तारा सारख्या बसल्या नाहीत तर हा आकडा कुणाचाच नाही." मग त्यानेच मला रजिस्टरमधली ओळ खोडायला लावली. मी डिग्री घेऊन आलो होतो आणि तो माझ्यासमोर माझाच प्रयोग पहिल्यांदा करून दाखवत होता. ती लाज अजून गेलेली नाही.

हाताने शिकण्याचा वेडेपणा आपल्याकडे कुठून तरी बाहेरून आलेला नाही. वर्धा हा यवतमाळच्या शेजारचाच जिल्हा. तिथे ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली. पोराने टकळीवर सूत काढावं आणि त्याच सुतावरून गणित, भूगोल, इतिहास शिकावा, ही त्यांची कल्पना. शिकल्या-सवरल्या लोकांपैकी अनेकांना ती पोरखेळ वाटली. पण काढलेल्या सुताची लांबी आणि वजन मोजणारं पोर सुताचा नंबर समजून घेत होतं. तोच नंबर आज आम्ही तिसऱ्या सेमिस्टरला सूत्र म्हणून फळ्यावर लिहितो.

दुसरा माझा आवडता बह्याड म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेतली डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी असताना, सगळं सोडून 1983 मध्ये ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ म्हणजे दुष्काळी गाव. शाळेत नापास झालेली पोरं त्यांनी हाताशी घेतली आणि त्यांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, पाण्याचा शोध असली कामं शिकवली. काम करत शिकायचं, आणि त्या कामाचे पैसे गावाने द्यायचे. पैसे देणारं गिऱ्हाईक समोर उभं असलं की खोटं रीडिंग लिहिताच येत नाही. वेल्ड सुटला तर गेट पडतं. आमच्या प्रयोगशाळेत मला एवढीच एक गोष्ट कमी वाटते: तिथे खोट्या रीडिंगने काही पडत नाही.

संगणकावरच्या आभासी प्रयोगशाळाही मी वापरल्या आहेत. 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पाने आमची लाज राखली. यंत्र आतून कसं चालतं ते पडद्यावर फार छान दिसतं, आणि भीती न बाळगता पन्नासदा तेच करून बघता येतं. पण पडद्यावरचा कापूस पाणी पीत नाही. कुणी त्याला तसं सांगितलं असेल तरच पितो, आणि तेही सांगितलं तेवढंच.

वेळ नाही, ओव्हन एकच, पोरं वीस, सिलॅबस संपवायचा आहे, या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. त्या मी रोज सोसल्या आहेत. त्यावर मी एकच उपाय करू शकलो. सेमिस्टरच्या दहा प्रयोगांपैकी तीन पूर्ण करून घ्यायचे, हवा तितका वेळ देऊन, आणि उरलेले दाखवून सोडायचे. आणि ज्या पानावर खाडाखोड आहे, ज्या आलेखातला एक बिंदू रेषेच्या बाहेर पडला आहे आणि तो पोराने पुसलेला नाही, त्या पानावर आधी सही करायची. पहिल्या वर्षी पोरांना हे पटलं नाही. त्यांना वाटलं, सर फसवत आहेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही पटलं नाही. एकाने त्या मुलीचं जर्नल उघडून विचारलं, "हे उत्तर चुकलंय ना?" तिने आर्द्रतेचा आकडा दाखवला आणि खिडकीकडे बोट केलं. खिडकी त्या दिवशीही उघडीच होती.

ती मुलगी पुढच्या दिवाळीनंतर मला एका खरेदी केंद्रावर दिसली. वडिलांसोबत आली होती, कापसाची गाडी घेऊन. मीटरवाल्याने वरच्या थरात एकदाच मीटर खुपसला, आकडा सांगितला आणि तो पुढच्या गाडीकडे निघाला. ती चाकावर पाय देऊन गाडीवर चढली. "भाऊ, मधून घ्या. आन खालून घ्या. दाबानं फरक पडते, तिन्ही ठिकाणी सारखंच दाबा." वडील खाली अवघडून उभे होते. "राहू दे वं माय," म्हणाले. रांगेतल्या दोघा-तिघांनी तोच शब्द उच्चारला, ज्याच्यापासून मी हा लेख सुरू केला. मीटरवाला कुरकुरला, पण त्याने तिन्ही ठिकाणी मीटर खुपसला. तीन आकडे आले, तिन्ही वेगळे. तिने पेन काढला आणि ते तिन्ही आकडे, एकाखाली एक, पावतीच्या पाठीवर लिहून घेतले.