साडू, सेडान आणि उसाची ट्रॉली

दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकमेकांचे साडू होतात आणि त्याच मुहूर्तावर दोघांची तुलनाही सुरू होते. पगार, प्लॉट, पोरांचे मार्क, पोटाचा घेर असे सगळे विषय होऊन जातात, पण खरा निकाल लागतो तो दारात उभ्या असलेल्या गाडीवर. साताऱ्याचे एक निवृत्त गुरुजी आणि सांगलीचे एक शेठ यांच्यात तर निकालाला वेळ लागायचं कारणच नव्हतं. गुरुजींकडे एमएच-११ ची मारुती डिझायर, शेठांकडे एमएच-१० ची बीएमडब्ल्यू एम-३४०-आय. दोन्ही सेडान, दोन्हींना मागे डिकी. आरटीओच्या कागदावर एवढं साम्य पुरतं. दोघी बहिणींच्या लेखी ते पुरत नाही.

शेठ मूळचे खानापूर तालुक्यातले. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारचे खटाव-माण या पट्ट्यातली माणसं दुष्काळाला कंटाळून पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात देशभर पसरली. दक्षिणेत कोईमतूरला जा नाहीतर उत्तरेत अमृतसरला, सराफकट्ट्यामागच्या बोळात भट्टीपुढे बसलेला माणूस मराठी बोलत असतो, आणि तेही माणदेशी. खरसुंडीच्या सिद्धनाथाची किंवा रेणावीच्या रेवणसिद्धाची यात्रा आली की ही मंडळी गावाकडे येतात आणि माळावर अर्ध्या हिंदुस्थानच्या नंबरपाट्या उभ्या राहतात. शेठांनी उभी हयात कोईमतूरला भट्टीपुढे काढली, दुकान मुलाच्या हवाली केलं आणि विश्रामबागेत बंगला बांधला. बंगल्याला पोर्च होता. पोर्च रिकामा बरा दिसेना, म्हणून गाडी आली.

गुरुजींची वाट वेगळी. त्यांची पहिली गाडी प्रिया स्कूटर, आणि ती खास सातारची. महाराष्ट्र स्कूटर्स ही बजाज आणि सरकारी महामंडळ यांच्या भागीदारीतली कंपनी १९७५ साली निघाली आणि प्रिया साताऱ्यात तयार होऊ लागली. ती स्कूटर सकाळी एका अंगावर कलती केल्याशिवाय सुरू होत नसे. गुरुजी अजूनही डिझायरची चावी फिरवण्याआधी क्षणभर डावीकडे कलतात. शेजारी बसलेल्या बाईंना आता त्याचं काही वाटत नाही.

डिझायरची लांबी ३९९५ मिलीमीटर, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलीमीटर कमी. हे कोणाच्या नजरचुकीने झालेलं नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी लहान मोटारींचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. टाटांनी २००८ मध्ये या मापात बसणारी इंडिगो सीएस काढली. त्याच वर्षी आलेली पहिली स्विफ्ट डिझायर मात्र ४१६० मिलीमीटर लांब होती. २०१२ मध्ये तिची शेपटी कापून तिलाही मापात बसवलं. इतर देशांत गाडीचा आकार ठरवायला वाऱ्याचा बोगदा लागतो, आपल्याकडे करसल्लागार पुरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही हीच रेघ कामाला आली. मापातल्या गाड्यांना १८ टक्के, मापाबाहेरच्या मोठ्यांना ४०. जन्मभर पट्टीने समास आखून दिलेल्या गुरुजींना हा कायदा मनापासून आवडतो.

शेठांची गाडी या मापापेक्षा जवळजवळ पाऊण मीटर लांब आहे. मार्च २०२१ मध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत होती ६२ लाख ९० हजार. सहा सिलिंडरचं तीन लिटरचं टर्बो इंजिन, ३८७ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला ४.४ सेकंद, आणि पुढे २५० ला पोचली की कंपनीनेच घातलेला इलेक्ट्रॉनिक लगाम. गुरुजींच्या २०२४ च्या डिझायरमध्ये तीन सिलिंडर आणि ऐंशीच्या आसपास अश्वशक्ती. पण ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी या डिझायरला पाचपैकी पाच तारे मिळाले, मारुतीच्या गाडीला पहिल्यांदाच. पैकीच्या पैकी गुण देणं हे गुरुजींच्या तत्त्वात कधी बसलं नाही, तरी हा निकाल त्यांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शेठांनी अंगठा दाखवला.

खरी गंमत कराची. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी वाहनकर १३ टक्के लागतो. ६२ लाख ९० हजारांवर तो आठ लाखांच्या वर जातो. गुरुजींची डिझायर बाजारात आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत होती ६ लाख ७९ हजार. म्हणजे शेठांनी नुसता कर भरला त्यात एक डिझायर येते आणि वर लाखभर रुपये उरतात. गुरुजींनी हा हिशेब कागदावर मांडून मेहुणीला दाखवला. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. शेठ त्या कागदाच्या शोधात आहेत.

एवढं होऊनही सातारा-सांगलीकडे कोणत्याही गाडीभोवती चार माणसं जमली की पहिला प्रश्न एकच निघतो, “ॲव्हरेज किती देती?” तो एसटीच्या ड्रायव्हरला विचारतात, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला विचारतात, आणि आष्ट्याच्या चहाच्या टपरीवर शेठांनाही विचारला गेला. दाखल्यावर डिझायरला लिटरमागे २४.७९ किलोमीटर, एम-३४०-आयला १३.०२. शेठ खरं बोलले. टपरीवर काही क्षण कोणी काही बोललं नाही. मग एक आजोबा सावकाश म्हणाले, “दवाखान्यात दाखवा की.”

या गाडीला पळायला जागा मात्र सापडत नाही. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी शंभर आणि द्रुतगती मार्गावर एकशेवीस ही कमाल मर्यादा. म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गावर शेठांची गाडी ४.४ सेकंदांत कायद्याच्या टोकाला पोचते आणि तिचा दिवस तिथेच संपतो. डिझायरला त्याच टोकाला जायला जवळजवळ तिप्पट वेळ लागतो, त्यामुळे गुरुजींना प्रवासात काहीतरी काम राहतं.

महामार्ग सोडला की गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप सांगतं की उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, म्हणजे गाडी अलगद वर चढते आणि अलगद उतरते. पण गावातला गतिरोधक बहुतेक वेळा अपघात झाला त्याच रात्री होतो आणि त्याचं माप गावाच्या रागावर ठरतं. डिझायरचं पोट जमिनीपासून १६३ मिलीमीटर वर आहे, ती जरा कण्हते आणि जाते. शेठांची स्पोर्ट्स सेडान आणखी खाली टेकलेली. प्रत्येक गतिरोधकाआधी शेठ गाडी थांबवतात, मागे बसलेल्यांना उतरवतात, गाडी तिरकी घालतात आणि पलीकडे पुन्हा सगळ्यांना घेतात. एका गावात लोकांना वाटलं की उमेदवार प्रचाराला उतरतोय. दोघेजण हार घेऊन आले.

२०२१ च्या त्या मॉडेलला आणखी एक विद्या येते. चालकाचे सहा ठरावीक हातवारे ओळखून गाडी कामं करते. हवेत बोट गोल फिरवलं की गाण्याचा आवाज वाढतो. ज्यांनी ही सोय शोधली त्यांनी सांगलीकडचा माणूस बोलताना पाहिला नसावा. शेठ उसाच्या दराबद्दल बोलायला लागले की भावगीत आपोआप चढत जातं, आणि कारखान्याच्या चेअरमनवर आले की शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघतात.

सांगलीतल्या केळवणानंतर साताऱ्याला नात्यातल्या लग्नाला निघायचं होतं. बोजा दोन्ही गाड्यांत वाटायचा ठरला. डिझायरची डिकी ३८२ लिटरची, शेठांची ४८० ची. आकड्यांवर शेठ पुढे. पण हळदीचं पोतं आणि तासगावच्या बेदाण्याची खोकी आणल्यावर शेठांना डिकीतलं मऊ अस्तर आठवलं. शिवाय ती डिकी बंपरखाली पाय हलवला की उघडते, आणि शेठ एका पायावर उभे राहून दुसरा हलवत असताना दोघी बहिणींच्या आत्याबाईंनी कळवळून विचारलं, “जावईबापू, मुंग्या आल्या का?” पोतं डिझायरमध्ये गेलं. मग आत्याबाईंचा प्रश्न. नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला स्पोर्ट्स सीटमध्ये बसवता येतं. तिथून बाहेर काढायला मात्र दोन माणसं आणि एक मुहूर्त लागतो. आत्याबाईही डिझायरमध्ये गेल्या, पुढच्या सीटवर. शेठांच्या गाडीत उरले शेठ, शेठाणी आणि एक पुष्पगुच्छ.

गाडीचं मोल पैशात करायचं तर मधेच दत्तात्रय लोहार उभे राहतात. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या या कारागिराने साधारण साठ हजारांत भंगारातून चारचाकी बनवली. तोंडवळा जीपचा, आणि सुरू करायला स्कूटरसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत पाहून आनंद महिंद्रांनी त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती लोहार कुटुंबाच्या दारात आली. शेठांच्या नुसत्या वाहनकरात अशा तेरा गाड्या झाल्या असत्या. हा हिशेबही गुरुजींनीच केला, पण या खेपेला तो मेहुणीला दाखवला नाही, कारण तेरा किका कोण मारणार हा प्रश्न तिने नक्की विचारला असता.

तर दोन्ही गाड्या सांगलीहून सव्वाशे किलोमीटरच्या वाटेला लागल्या. पेठ नाक्याला महामार्ग मिळाला, पण कागल-सातारा सहापदरीकरणामुळे जागोजागी वाहतूक सेवारस्त्यावर वळवलेली. कराड ओलांडलं आणि पुढे आली उसाची ट्रॉली. ट्रॉली कसली, दोन ट्रॉल्या एकामागे एक, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, पुढे ट्रॅक्टरवर गाणी लावलेली. शेंद्र्याच्या अजिंक्यतारा कारखान्याकडे निघालेली ती वरात ताशी पंधराच्या वेगाने चालली होती. मागे ३८७ अश्वशक्ती आणि त्यामागे ऐंशी, दोघंही पंधरावर. शेवटी एकदाची वाट सापडली. दोघांनी जिवाच्या आकांताने ट्रॉली मागे टाकली आणि तासवडे टोलनाका ओलांडून विजयी मुद्रेने चहाला थांबले.

चहावर टोलचा विषय निघाला. टोलनाक्याला दोन्ही गाड्या एकच, कार-जीप-व्हॅन. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागलेला वार्षिक पासही दोघांना सारखाच, सुरू झाला तेव्हा तीन हजार रुपये, वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या.

“हा अन्याय आहे,” गुरुजी म्हणाले. “बासष्ट लाखांच्या गाडीला आणि माझ्या गाडीला एकच दर?”

“अन्यायच आहे,” शेठ म्हणाले. “सारखे पैसे घ्यायचे आणि रांगेतही सारखंच उभं करायचं? आठ लाख कर भरलाय मी.”

“भरलाय ना? मग रस्ता जरा जास्त वापरा.”

“वापरायला द्या की मोकळा!”

वाद रंगला. शेठांचे हात हवेत गेले. गाडी दूर उभी असल्याने आवाज वाढला नाही. आत्याबाईंनी दुसरा चहा मागवला. तेवढ्यात नाक्याकडून ओळखीचं गाणं ऐकू आलं. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलमध्ये ट्रॅक्टरला माफी असते. कडेच्या लेनने, एक रुपया न देता, उसाच्या दोन ट्रॉल्या डुलत पुढे निघाल्या होत्या. शेठ आणि गुरुजी कप टाकून एकदमच गाड्यांकडे धावले. पण पोतं, खोकी आणि आत्याबाई जागेवर बसेपर्यंत ट्रॉली महामार्गाला लागली, आणि पुढच्या वळणापाशी रस्ता पुन्हा सेवारस्त्यावर वळवलेला होता.