भाऊंचा डावा पाय

धरमपेठेत हे भाऊ हमखास सापडतात. पन्नाशीच्या अल्याडपल्याड, मुलगी पुण्याला आयटीत, दारात नवी कोरी मेटिओर ३५०. गाडी आल्या दिवसापासून भाऊ टूरिंगवाले झाले. तोंडी सतत लडाख. प्रत्यक्षातली मजल रामटेक. २०२२च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी, हे त्यांचं लाडकं दुःख. "नाहीतर दुपारी शिर्डीत जेवलो असतो," हे ते तर्री-पोह्यावर ताव मारताना सांगतात.

लडाखच्या आड मात्र महामार्ग येत नाही, डावा पाय येतो. त्या पायाची अख्खी नोकरी स्प्लेंडरवर गेली. तिथे चवड्याने दाबलं की गिअर चढतो, टाचेने दाबलं की उतरतो. मेटिओरलाही दांडी तशीच, पुढेमागे; कारभार तेवढा उलटा. चवड्याने पहिला, वरचे चार टाचेने. पहिला दोन्हीकडे सारखाच, म्हणून सिग्नल सुटला की भाऊ झोकात निघतात. मग दुसऱ्यासाठी पुन्हा चवडा दाबतात आणि गाडी पहिल्यातच कोकलत राहते. पुढचा सिग्नल आला की गिअर उतरवायला टाच मारतात, तो आणखी चढतो. हिरवा दिवा लागतो आणि पाचव्यात उचललेली गाडी व्हरायटी चौकात मधोमध गचका खाऊन बंद. मागून ऑटोवाला, "काय करून राहिले भाऊ?"

मीटरवर गिअरचा आकडा दिसतो. तो वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा हेल्मेटात मावत नाही.

टाचेच्या दांडीने बुटाचा पुढचा भाग झिजत नाही, चपलेवरही गाडी चालवता येते, असं भाऊ समजावतात. खरंच आहे ते. पण त्यांनी लडाखसाठी घेतलेले बूट इतके जाडजूड, की पाय नुसता टेकवला तरी टाच दांडीवर पडून गिअर आपोआप चढतो. मागे बसलेल्या वहिनी आता विचारत नाहीत, फक्त घट्ट धरतात.

उजव्या पायाच्या गिअरच्या जुन्या बुलेटवर हयात गेलेला मेकॅनिक म्हणाला, "पुढच्या दांडीखाली पंजा घालून उचला न भाऊ, टाच विसरा." सल्ला अचूक होता. भाऊंना तो अपमान वाटला. पंजानेच उचलायचं तर टूरिंगची गाडी काऊन घेतली?

तेव्हा राजेहो, नागपुरातल्या कुठल्याही चौकात पुढची मेटिओर अशी बंद पडली, तर हॉर्न वाजवू नका. पाचव्यातून पहिल्यात यायला चवडा चार वेळा दाबावा लागतो.