यंदाचं आवडलेलं, मुक्काम भंडारा

वर्ष सरत आलं की पुण्या-मुंबईचे जाणकार ‘यंदा आवडलेलं’च्या याद्या लावतात. कोरियन मालिका, इराणी सिनेमा, एखादं नोबेलवालं पुस्तक. आम्हाला सवड कुठली? धान कापून झालं, दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, आणि रात्री पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीचं नाटक. जेवणं उरकून सुरू झालेलं, पार पहाटेपर्यंत. एवढ्या वेळात शहरात अख्खी मालिका संपवतात नि त्याचं कौतुक सांगतात. इथे तणसावर बसून, शाल गुंडाळून, गाण्याला ‘वन्स मोअर’ देत ते घडतं. शिवाय खलनायकाला शिव्या थेट तोंडावर घालता येतात. ही सोय अजून कुठल्या ॲपवर नाही.

२०२२ साली या रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ सिनेमा आला, २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली. यादीवाले मात्र या नाटकांचं माहेरघर वडसा अजून नकाशात शोधताहेत.

पुस्तकांत माझं मत मारुती चितमपल्लींच्या ‘चकवाचांदण’ला. जुनं आहे, असू दे. ते जिथे वनाधिकारी होते, ते नवेगाव बांध १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. जिल्ह्याच्या वाटणीत तिथलं तळं गोंदियाला गेलं, पुस्तक कपाटात राहिलं.

समीक्षकांनो, यादी करायची तर एक रात्र इकडे काढा. स्वेटर आणा, इथली थंडी पासवाल्यांना ओळखत नाही.