बप्पांना दाखवलं का?

येडशीत कुणी ग्राइंडर, ड्रिल किंवा मार्बल कटर आणला की 'कितीला पडला?' हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारतात, 'बप्पांना दाखवलं का?' धुळे-सोलापूर हायवेच्या कडेला एका फॅब्रिकेशनच्या दुकानापुढे बप्पा लोखंडी स्टुलावर बसलेले असतात. दुकान त्यांचं नाही, स्टूलही त्यांचं नाही आणि समोरचा चहा कुणाच्या खात्यावरचा आहे हे त्या चहावाल्यालाही नीटसं सांगता येणार नाही. असा एक बप्पा गावोगाव असतो. कुठे तो म्हशी पारखतो, कुठे मुलाकडची स्थळं. आमच्या वाट्याला मशीनवाला आला.

खोक्याकडे बप्पा बघतसुद्धा नाहीत. "खोकं भंगारवाल्याला दाव," म्हणतात. मशीन तळहातावर तोलायचं, स्पिंडल अंगठ्यानं हलवून बघायचं, वायर दुमडायची, स्विच नुसताच चार वेळा टकटक करायचा. मग मागचं झाकण खोलायला लावून फिल्डच्या टोकाच्या तारेवर खिशातल्या ब्लेडनं हळूच एक चरा ओढायचा. आतून पांढरं निघालं की मालकाचा चेहराही पांढरा होतो.

"तांब्याचं पाणी दिलंय. आत ॲल्युमिनियम हाय."

"पण बप्पा, खोक्यावर १२०० वॅट लिहिलंय."

"८५०च्या मशीनवर १२०० छापायला शाई तेवढीच लागती, लेका."

ब्रँडबद्दल बप्पांचं शास्त्र सगळ्या जाहिरातवाल्यांना घरी बसवणारं आहे. बॉश, मकिता, डिवॉल्ट ही नावं ते पाहुण्यांसारखी आदरानं घेतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळच्या केपीटीचं नाव निघालं की थोडे ताठ बसतात, जणू कारखान्यात यांचाही वाटा होता. पण हजार-बाराशेच्या निनावी मशीनला ते नाक मुरडत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो : "आर्मेचर जळलं तर घावतंय कुठं?" धाराशिवला मिळत असेल तर ब्रँड चांगला. बार्शीला मिळत असेल तर बरा. लातूरला जावं लागत असेल तर दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं, मजुरीही बुडाली. आणि कुरिअरनं मागवावं लागत असेल तर "ते मशीन न्हाई, शोकेसमध्ये ठिवा."

हसू येतं, पण हिशेब चोख आहे. बाजारातली कितीतरी स्वस्त मशीनं एकाच वळणाची असतात. डिवॉल्टच्या ८०१ ग्राइंडरची नक्कल घ्या, नाहीतर बॉशच्या २६ एमएम हॅमरची. एकाचा रंग पिवळा, दुसऱ्याचा निळा, नावं रोज नवी. ज्याची नक्कल जास्त, त्याचे पार्ट जास्त. आर्मेचर, कार्बन, बेअरिंग, सगळं दुकानात टांगलेलं. त्यामुळे कुणी बनवलं हे ठाऊक नसलेलं '८०१ टाइप' मशीन आमच्याकडे एखाद्या नावाजलेल्या, पण पार्ट न मिळणाऱ्या मशीनपेक्षा जास्त जगतं. बप्पांचा स्वतःचा ग्राइंडर म्हणजे तर सर्वपक्षीय सरकार आहे : बॉडी एकाची, गिअर दुसऱ्याचे, वायर मिक्सरची.

एका बाबतीत मात्र बप्पा चेष्टा करत नाहीत. चकती. चार इंची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळते. समोरच्या हायवेवर तेवढ्या वेगानं ट्रॅव्हल्सवालेसुद्धा जात नाहीत. चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदत छापलेली असते. बप्पा ती दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखी वाचतात आणि मुदत संपलेली चकती तिथल्या तिथे फरशीवर आपटून फोडतात. गार्ड काढून ठेवणाऱ्या पोरांना ते ज्या शिव्या देतात, त्या इथे छापता येणार नाहीत. श्रावणातल्या सोमवारी रामलिंगाला जायच्या वाटेवर कुठे ग्राइंडर चालू असला तर बप्पा थांबतात, कान देतात, "बेअरिंग चाललंय," म्हणतात आणि मगच दर्शनाला पुढे सरकतात.

परवा एक पोरगा बॅटरीवरचा ड्रिल घेऊन आला. ऑनलाइन मागवलेला. बॅटरीवर ठळक अक्षरांत '९८ व्हीएफ'. बप्पांनी चार स्क्रू काढले, आतले सेल बोटानं मोजले. एका ओळीत पाच.

"फुल चार्ज एक सेल ४.२ व्होल्ट. पाच गुणिले?"

"एकवीस."

"बाकीचे सत्त्याहत्तर कुठं सांडले?"

पोरगा गप्प. मग हळूच म्हणाला, "बप्पा, मग व्हीएफ म्हंजे काय?"

"व्ही म्हंजे व्होल्ट. एफ म्हंजे फसवा."

पोराचा जीव एवढासा झाला. परत पाठवू का म्हणून विचारायला लागला. बप्पांनी उलटच विचारलं, "काम कशाचं हाय?" शेडवर पत्रे मारायचे होते. "किती शेड?" दोन. "मग कशाला परत करतूस? दोन शेडांत पैसे वसूल. तिसऱ्या शेडला मेलं तर रडू नगंस, म्हंजे झालं." पोराच्या जिवात जीव आला. तो ड्रिल उचलायला वाकला, तर बप्पांनी त्यावर हात ठेवलेला.

"दोन दिस ऱ्हाऊ दे माझ्याकडं. लोडवर कसं चालतंय बगून सांगतो."

तपासणी अजून चालू आहे. बप्पांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची नवी शेड मात्र उभी राहिली आहे, आणि स्क्रू, खरं सांगायचं तर, फार छान बसलेत.