नैसर्गिक हवा

गाडीचा एसी बिघडला की साधी माणसं मेकॅनिककडे जातात. नैसर्गिक हवावाले सूर्यमाळला जातात.

हा गृहस्थ ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठेही सापडतो. गाडी जुनी, कॉम्प्रेसर गेलेला. मेकॅनिकने खर्च सांगितला त्याच संध्याकाळी त्याला शोध लागला, की एसीने हाडं धरतात. चारचौघांत मात्र तो ‘गॅस संपलाय’ म्हणतो. खरं तर हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो, कमी झाला तर गळती समजायची. पण गॅस संपणं कसं घरगुती, सोज्वळ कारण! कॉम्प्रेसर म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, ‘कितीला पडतो?’

मे महिना, शहापूर ते कसारा, चारही काचा खाली. शेजारून ट्रक गेला की मागची मंडळी धुळीत दिसेनाशी होतात. ‘खोडाळा तर येऊ दे!’ विहीगाव मागे पडतं, खोडाळा येतो, आणि सूर्यमाळच्या पठारावर खरोखर गार वारा सुटतो. ‘काय म्हणत होतो मी?’ असं तो विचारतो, जणू वारा घरून डब्यात भरून आणलाय.

पंचाईत होते जुलैत. पावसामुळे काचा वर. आत पाच जणांचे श्वास, ओले कपडे. देवबांधच्या गणपतीला जाता जाता पुढची काच आतून पांढरी. एसी हवा गार करतो तशी सुकवतोही. हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होते आणि गाडीखाली ठिबकते. म्हणजे ऐन थंडाव्यात एसी हवा! हे त्याला कळत नाही असं नाही, पण इतक्या वर्षांचं तत्त्वज्ञान एका वळणावर सोडायचं कसं? मग बायकोच्या हाती फडकं येतं.

‘डावीकडे पूस, वळण आहे.’

‘अहो, कुठे आहे ते तुम्हीच सांगा!’

तो काच चार बोटं खाली घेतो. उजवा खांदा चिंब. तेवढ्यात समोरून लाल एसटी येते. तिचा ड्रायव्हरही फडक्याने काच पुसतोय.

‘बघितलंस? सरकारसुद्धा एसी लावत नाही.’

‘शिवशाहीत लावतं,’ मागून सासूबाई म्हणतात.