लेन्स सोडून बोला

काचेच्या कपाटात मांडलेली लेन्स विकायची नसते, हे ज्ञान मला पन्नाशीत झालं. ‘ती डिस्प्लेची आहे साहेब,’ दुकानदार म्हणाला. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा भाव विचारल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

मला हवी होती शंभर मिलिमीटरची मॅक्रो. पावसाळा सरता सरता कासच्या पठारावर सीतेची आसवं फुलतात. निळंजांभळं फूल, करंगळीच्या नखाएवढं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या 18-55 ने ते टिपलं की फोटोत शाईचा डाग दिसतो. मॅक्रो मात्र तेच फूल सेन्सरवर जेवढ्यास तेवढं उतरवते. फुलं सप्टेंबरात, मी बाहेर पडलो जूनमध्ये. म्हटलं, तीन महिने म्हणजे चिक्कार झाले.

‘मॅक्रो? लग्नाच्या ऑर्डरी घेता का?’ पुण्यातल्या पहिल्या दुकानात विचारणा झाली. अंगठीचा क्लोजअप काढणाऱ्यालाच ही लेन्स लागते, असा समज दिसला. फुलांसाठी म्हटल्यावर त्याचा रस संपला. ‘मग पन्नास घ्या ना!’ पन्नास म्हणजे पन्नास मिलिमीटरची लेन्स. ती मात्र सगळीकडे असते. भिगवणचे फ्लेमिंगो काढायचेत? पन्नास घ्या. चंद्र? पन्नास घ्या आणि क्रॉप करा.

दुसऱ्या दुकानात आधी कॅमेऱ्याची पत्रिका मागितली. 2015 चा म्हटल्यावर मालकांनी सुस्कारा सोडला. ‘हा माउंट आता संपला.’ माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती खाच. त्यांचंही खोटं नव्हतं. 2018 साली निकॉन आणि कॅनन या दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट काढले. निकॉनचा जुना 1959 पासून चालत आलेला. नातवाच्या कॅमेऱ्यावर आजोबांची लेन्स चढवता यायची, फोकस तेवढा हाताने करायचा. ‘बरं, नव्या माउंटची दाखवा,’ मी म्हटलं. नवा कॅमेराही घेऊन टाकू, इतका मी पेटलो होतो. ‘ती अजून यायचीय.’ म्हणजे एसटीच्या फलाटावर सांगतात तसं: मागची गेली, पुढची लागली नाही.

मग डेक्कन क्वीनने मुंबई गाठली. सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात मिळणार नाही ते कॅमेऱ्याचं सामान नव्हे, असं ऐकत आलो होतो. आणि खरंच मिळत होतं सगळं! ट्रायपॉड, बॅगा, रिंगलाइट, मी न मागितलेले तीन प्रकारचे फ्लॅश. एकाने मॅक्रोसुद्धा काढली, वापरलेली. ‘बिल हवं का विनाबिल?’ हा प्रश्न लेन्सच्या आधी आला. उजेडाकडे धरून पाहिली तर आत पांढऱ्या जाळ्या. बुरशी! मुंबईचे कितीतरी पावसाळे तिने पोटात साठवले होते. मला वनस्पतीचा फोटो काढायचा होता. इथे लेन्समध्येच रान माजलं होतं.

परतल्यावर पुण्यातल्या त्या दुसऱ्या दुकानदाराला माझी दया आली. ‘लेन्स मागवतो. तोवर फिल्टर नेऊन ठेवा, 67 चा. तोच लागेल.’ नेला. पुढच्या खेपेला हूड आलं होतं, तेही नेलं. मग मागचं झाकण, पुढचं झाकण, मऊ पाऊच, पुसायचं फडकं. ऑगस्ट संपेपर्यंत माझ्याकडे लेन्सच्या पुढे लागणारं, मागे लागणारं आणि भोवती गुंडाळायचं सगळं जमलं. वाजंत्री आली, घोडा आला, मुंडावळ्या आल्या. नवरदेवाचा पत्ता नाही.

एकदा चिडून म्हणालो, ‘अहो, चार लेन्स आणून ठेवायला काय होतं?’

‘साहेब, एका लेन्समध्ये माझे पन्नास-साठ हजार अडकतात. लोक येतात, हातात घेतात, माझ्याच कॅमेऱ्याला लावून चार फोटो काढतात आणि दारातूनच मोबाइलवर मागवतात. दोन हजार स्वस्त पडते ना!’

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो. माझी पक्ष्यांची लेन्स मी अशीच घेतली होती. हातात घेऊन पाहिली होती ती याच दुकानात. त्याला ते आठवत असावं. बिचारा काही बोलला नाही. हूडवर मात्र सवलत दिली नव्हती.

सप्टेंबरात ऑनलाइन बुकिंग करून कासला गेलो. रिमझिम होती. कुंपणाशी उकिडवा बसून 18-55 ने शाईचे डाग टिपत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दुकानदार! हात थरथरले.

‘आली का?’

‘नाही हो. पण तुमचं ते हूड न वापरलेलं आहे ना? परत देता का? एक गिऱ्हाईक समोर बसलंय.’

‘त्यांना लेन्स मिळाली? कुठे?’

‘कुठली मिळतेय! तेही आधी हूड घेऊन ठेवतायत.’