पिकअप घ्यावी कशी, सोसावी कशी

जुनी पिकअप घ्यायची तर पैसा, लायसन आणि गरज लागते, असं बाहेरगावच्या लोकांना वाटतं. लातूरकडच्या आपल्या मुरुडात गरज मुळीच लागत नाही. गाडी दारात उभी राहिली की गरज गाव पुरवतं. पैशाचं फायनान्सवाला बघतो. राहिलं लायसन, तर तो घोळ खुद्द सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवून ठेवलाय. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर चालवता येते, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं. इतक्या वरून तयारी झाल्यावर आपण मागं राहणं बरं दिसत नाही.

गाडी कोणती घ्यावी? आपल्याकडं पिकअप म्हणजे बोलेरो. तिच्याहून लहान ते सगळे छोटा हत्ती, मग कंपनी कोणतीही असो. मूळचा हत्ती म्हणजे मे २००५ मध्ये आलेली टाटा एस. ७०२ सीसी, दोन सिलिंडर, सोळा हॉर्सपॉवर आणि पाठीवर पाऊण टन. पाऊण टन म्हणजे सोयाबीनचे पन्नास किलोचे पंधरा कट्टे. सोळावा कट्टा कंपनीला मान्य नाही. मुरुडच्या आडतीत मात्र पंधरा कट्ट्यांना गाडी भरली असं कुणी म्हणत नाही, नुसता तळ झाकला म्हणतात. जादा भरल्याचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि पुढं दर जादा टनाला दोन हजार, हे हमालाला ऐकवून पाहावं. तो मान डोलावतो आणि सतरावा कट्टा टाकतो.

हत्तीचं इंजिन सीटखाली असतं. पौषात पहाटे लातूरच्या बाजारात भाजी घेऊन निघणाऱ्याला ही शेकोटी फुकट मिळते. वैशाखातही मिळते, बंद करता येत नाही. एकूण वजन तीन टनांच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, हा हत्तीचा दुसरा गुण. मोठी पिकअप घेणाऱ्यानं कागदावरचं एकूण वजन आधी वाचावं, हौद्याची लांबी नंतर मोजावी. बहुतेक जण उलट करतात.

गाडी शोधायला हल्ली मोबाइल आहे. त्यात 'मुरुड' टाकलं की फार स्वस्त गाड्या दिसतात. हुरळून जाऊ नये. महाराष्ट्रात मुरुडं बरीच आहेत आणि मोबाइलला समुद्राकाठची जास्त आवडतात. नंबर एमएच-०६ असेल तर गाडी जंजिऱ्याच्या मुरुडात उभी आहे, एमएच-०८ असेल तर दापोलीच्या. खाऱ्या हवेनं चेसिसचा पापड झालेली गाडी आणायला सह्याद्री ओलांडून जायचं आणि टोचन करून परत यायचं, असा योग असतो. आपला लातूरचा नंबर एमएच-२४. धाराशिवचा २५ आणि नांदेडचा २६ हेही घरचेच. एमएच-१२ किंवा १४ दिसला की विकणारा "पुण्यातली गाडी हाय, रस्ते गुळगुळीत" म्हणतो. पुण्यातले रस्ते ज्यानं पाहिलेत त्यानं यावर काही बोलू नये, नुसतं हसावं आणि किंमत पाच हजारांनी कमी सांगावी.

आता पारख. आपल्या भागात बैल घेताना माणूस सहसा फसत नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नाहीतर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पाहावं. देवणीचा गोऱ्हा वानेरा आहे का शेवरा, ते लांबूनच ओळखतात. जवळ गेल्यावर ओठ वर करून दुदाती, चारदाती की जुळलेला ते बघतात. खूर दाबतात, भोवरा कुठं पडलाय ते शोधतात, चार पावलं चालवून घेतात आणि मग उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात. बैलाचा धनी काय बोलतो याकडं सगळा वेळ कुणाचंही लक्ष नसतं. हाच माणूस पिकअप घ्यायला गेला की सीटचं नवं कव्हर आणि टेपचा आवाज बघून इसार देऊन येतो. म्हणून पहिला नियम असा, की गाडीजवळ जाताना आपण बैल घ्यायला आलोय असं मनात धरावं आणि मालकाचं बोलणं कानाआड करावं.

दात म्हणजे पॅडल. मीटरवर साठ हजार किलोमीटर आणि क्लचच्या पॅडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकतंय, तर मीटर मागं फिरवलेला आहे. लोखंड मागं फिरवता येत नाही. पॅडलला नवंकोरं रबर असेल तर शंका दुप्पट धरावी. विकायच्या गाडीच्या पॅडलला उगाच कोण नवं रबर घालतो?

खूर म्हणजे पाटे. मागच्या चाकांपाशी उकिडवं बसून पाटे मोजावेत. कंपनीनं दिले त्याहून एखाददुसरा जादा निघाला, तर या गाडीनं आयुष्यभर कट्टे वाहिलेत असं समजावं. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा नवा आणि चकचकीत दिसला, तर आधीचा कुठं मोडला ते विचारावं. उत्तर खरं मिळणार नाही, पण उत्तराला किती वेळ लागतो ते कळतं.

नंतर हौदा. लातूर भागात हौद्याकडं जरा जास्त वेळ द्यावा, त्याला कारण आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते देशानं टीव्हीवर पाहिलं. त्या उन्हाळ्यात गल्लीबोळांतलं पाणी कुणी वाहिलं, ते टीव्हीवर आलं नाही. ते हत्तीनं वाहिलं. हौद्यात काळी सिंटॅक्सची टाकी ठेवायची, तोंडाशी पाइप बांधायचा आणि निघायचं. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो, हे गणित तिसरीतल्या पोरालाही येतं, पण तहानेच्या दिवसांत गणिताला कोण विचारतो? पाऊण टनाच्या गाडीनं रोज टनभर पाणी वाहिलं आणि जे सांडलं ते पत्र्याखाली जाऊन मुरलं. अशी गाडी वरून ओळखू येत नाही. फाळका पाडून हौद्याचा तळ नाण्यानं ठोकत जावं. धड पत्रा खणखणतो, पुटीन लावलेला बद्द वाजतो. चुंबक जवळ असेल तर आणखी बरं, पुटीनला ते चिकटत नाही. मग खाली वाकून, जिथं हौदा चेसिसवर टेकतो तिथं नख लावून पाहावं. तांबूस पापुद्रा हातात आला, तर तो मालकाच्या तळहातावर ठेवावा आणि एक शब्दही न बोलता किंमत विचारावी.

इंजिन पाहायला सकाळी सातच्या आत आणि न सांगता पोहोचावं. सांगून गेलात तर मालकानं गाडी आधीच गरम करून ठेवलेली असते आणि तुम्ही येताच तो म्हणतो, "मालक, बघायलाव काय? मारा की सेल्फ!" गरम इंजिन कुणाचंही चालू होतं, खरी परीक्षा थंड इंजिनाची. चालू झाल्यावर मागं उभं राहून धूर बघावा. काळा निघाला तर पंपाचं नाहीतर नोझलचं काम आहे. निळा निघाला तर इंजिन ऑइल पितंय आणि मालक गेले सहा महिने डिझेलबरोबर ऑइलचाही डबा भरतोय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर हेड गॅस्केट. पावसाळ्याच्या सकाळी मालक त्याला धुकं म्हणतो. शेवटी ऑइलचं झाकण इंजिन चालू असताना उघडावं. वाफेचा भपकारा येऊन झाकण नाचायला लागलं, तर गाडी फुंकतेय. फुंकणाऱ्या गाडीवरून भाव करत बसू नये. चहा पिऊन घरी यावं.

गावात चक्कर मारून काहीच कळत नाही. ढोकीवरून पुढं येडशीच्या घाटात न्यावी आणि चढावर तिसऱ्या गिअरात पाय दाबून बघावं. गिअर आपोआप निसटून न्यूट्रल झाला, तर परत येताना मालकालाच चालवू द्यावी.

मिस्त्री बरोबर न्यावा का, हा जुना वाद आहे. न्यावा, पण आपला. विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री गाडीभोवती फिरतो, एक लाथ चाकाला मारतो आणि "काय बघायचंच नाय" म्हणतो. हे शब्दशः खरं असतं. आपला मिस्त्री बोलत नाही. तो हात पुसतो, बिडी काढतो आणि दूर जाऊन उभा राहतो. तो जितका दूर गेला तितका खर्च धरावा.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. आरसीवर एचपी, म्हणजे फायनान्सचा बोजा, चढलेली आहे का ते आधी बघावं. फायनान्सचा हप्ता थकलेली गाडी तुमच्या दारातून रातोरात उचलून नेतात आणि नेणाऱ्यांशी तुमची ओळखही नसते. एचपी उतरवायला फॉर्म ३५ आणि फायनान्सची एनओसी, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत नाव चढवायचं, असं कायदा म्हणतो. मुरुड पद्धत अशी, की पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करायची, तो कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवायचा आणि "नावाचं काय, करू की दिवाळीनंतर" म्हणायचं. कोणती दिवाळी ते कुणी लिहून घेत नाही. विकणाऱ्यांसाठी मात्र एक माहिती. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गाडी कितीही हात पुढं गेली तरी कागदावर ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे तुम्ही शेतात खुरपत असता आणि तुमच्या नावाची गाडी बिदरमध्ये कुणाच्या तरी भिंतीत घुसते.

पासिंगची तारीख विचारावी. मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी पासिंग लागतं, त्यापुढं दर वर्षी. म्हणून आठ वर्षं भरत आली की पुष्कळ मालकांना अचानक पैशाची गरज पडते, मुलीचं लग्न निघतं, भावाचं ऑपरेशन निघतं. त्यांच्या दुःखात सहभागी व्हावं आणि विमा व टॅक्स कुठपर्यंत भरलाय तेही विचारावं. जुनी ई-चलनं मोबाइलवर दिसतात, तीही बघावीत. गाडी यायच्या आधी तिची पापं यावीत हे बरं.

गाडी घरी आणल्यावर नारळ, लिंबू-मिरची, काळी बाहुली हे ज्याचं त्याला कळतं. अवघड प्रश्न मागच्या फाळक्याचा असतो. तिथं आधीच्या मालकाच्या पोरांची नावं लिहिलेली असतात. 'सोहम–साक्षी'. ती खरवडायची म्हटलं तर कुणाच्या लेकरांची नावं पुसायची, म्हणून घरची म्हातारी आडवी येते. ठेवायची म्हटलं तर कळंबच्या बाजारात अनोळखी माणूस येऊन "सोहमचे पप्पा का?" विचारतो, आणि त्याची जुनी उधारीही असते. खाली आपल्या पोरांची नावं वाढवणं हा मधला मार्ग बरेच जण काढतात. तसं करून तीन मालकांची सहा लेकरं एकाच फाळक्यावर आल्याचं पाहण्यात आहे. 'हॉर्न ओके प्लीज' लिहू नये. राज्यानं २०१५ मध्येच त्याला बंदी घातली. जागा मोकळी राहते, ती पुढच्या मालकाच्या पोरांना कामी येईल.

इथवर खरेदी झाली. घेतलेली गाडी आपली राहत नाही, हे कोणताच विकणारा सांगत नाही. ती गावाची होते आणि तुम्ही तिचे सांभाळणारे. हे पहिल्या आठवड्यातच कळतं. तुम्ही कोपऱ्यावर पोहोचता आणि पारावरून आवाज येतो, "कुठं चाललाव, अण्णा?"

"लातूरला."

"रिकामंच चाललाव?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. 'हो' म्हणालात तर दोन शेळ्या, एक शिलाई मशीन आणि एक जावई गाडीत चढतो. 'नाही' म्हणालात तर चौकातले चार जण हौद्यात डोकावून खात्री करतात. यावर उपाय म्हणून काही जण हौद्यात कायम एक रिकामा ड्रम ठेवतात. ड्रम खाली उतरवून ठेवायला गावात माणसं पुष्कळ आहेत.

माणसं वाहू नयेत. हे मात्र हसण्यावारी नेऊ नये. मालगाडीत फुकट बसलेल्या माणसाला काही झालं तर विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केलंय. हौद्यात बसलेल्या वऱ्हाडाचं ओझं मग तुमच्या सात-बाऱ्यावर येतं. कायद्यानं सूट आहे ती मालाच्या मालकाला, तोही केबिनमध्ये बसला तर. ही बातमी गावात अर्धवट पोहोचली आणि तेव्हापासून तुळजापूरला निघालेली प्रत्येक बाई हातात मेथीची जुडी घेऊन येते आणि म्हणते, "आम्ही मालाचे मालक हाव." जुडी हौद्यात, मालकीणही हौद्यात. केबिनमध्ये दिराला बसायचं असतं.

गाडी मागायला येणारा माणूस कधीच 'गाडी द्या' म्हणत नाही. तो आधी पावसाचं काढतो, मग सोयाबीनच्या भावाचं, आणि उठता उठता म्हणतो, "तेवढं सामान टाकायचं होतं, डिझेल टाकतो की." हे डिझेल कुठं टाकतात हा संशोधनाचा विषय आहे, टाकीत तर दिसत नाही. देताना काट्याचा फोटो काढून ठेवावा, असा सल्ला शहाणे देतात. फोटो काढता येतो, दाखवता येत नाही, कारण घेऊन गेलेला तुमचा चुलत मेव्हणा असतो. नाही म्हणायचंच असेल तर 'टायर गेलंय' म्हणू नये, तो स्टेपनी लावून देतो. 'पासिंग संपलंय' म्हणू नये, त्याचा साडू आरटीओच्या दारात फॉर्म भरून देतो. 'चावी पोरानं नेली' हे त्यातल्या त्यात चालतं, पण पोरगं समोर अभ्यासाला बसलेलं नसावं.

लग्नसराईत मात्र कोणतंही कारण चालत नाही, तेव्हा पत्रिका नीट वाचायला शिकावं. तुमचं नाव 'स्नेहांकित'मध्ये असेल तर नुसतं जेवायला जावं. 'व्यवस्थापक'मध्ये दिसलं तर रुखवत, भांडी आणि पाण्याचे जार आणायला गाडी लागणार आहे, पंपावर जाऊन यावं. 'निमंत्रक'मध्ये, आणि तेही घरच्या माणसांच्या वर छापलेलं असेल, तर गाडी तुमची, डिझेल तुमचं आणि चालवायला तुम्हीच, शिवाय डीजेचे बॉक्स परत पोहोचवायचे राहिलेत.